आधी कुणाच्या पडद्यावर?
कन्सोल कंपन्या, बाहेरचे निर्माते आणि ‘एक्सक्लुझिव्ह’ खेळांची स्पर्धा : प्रस्तावना

१८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने छोट्या स्टुडिओंच्या नव्या व्हिडिओ गेम्सची ओळख करून देणारा एक कार्यक्रम इंटरनेटवर दाखवला. त्यात एका भारतीय मुलीची गोष्ट होती. मुलीचे नाव राजी. सर्कशीत कसरती करणारी ही पोर असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघते आणि दुर्गेचा वरदहस्त घेऊन लढते. राजस्थानी महालांची आठवण करून देणाऱ्या वास्तू, पहाडी चित्रशैलीचे रंग, बालीच्या छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितलेली कथा असे सगळे तिच्याभोवती उभे केलेले होते. ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने घडवला होता. कार्यक्रम झाला त्याच दिवशी तो विक्रीला आला, पण निन्टेन्डो स्विच या एकाच कन्सोलवर. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांसाठी तो उपलब्ध व्हायला १५ ऑक्टोबर उजाडला.

निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता. भारतीय ग्राहकांसाठी कंपनीचे ऑनलाइन दुकानही नव्हते. पुण्यात तयार झालेला खेळ पुण्यातल्याच एखाद्या मुलाला पहिल्या दिवशी खेळायचा, तर कुणीतरी परदेशातून आणलेले यंत्र हाताशी असायला हवे होते. बाकीच्यांनी जवळजवळ दोन महिने थांबायचे.

ज्या देशात खेळ घडतो, त्याच देशातल्या खेळाडूला तो उशिरा का मिळतो? ज्या कंपनीने तो बनवलाच नाही, तिच्या यंत्रावर तो आधी का येतो? आणि निर्माता या अटीला राजीखुशीने मान का देतो? या तीन प्रश्नांतून एक मोठा व्यवसाय उलगडत जातो. मराठी वाचकाला त्याची नीट ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी यातली माणसे कोण ते पाहू. टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र म्हणजे कन्सोल. आज या बाजारात तीन मोठ्या कंपन्या आहेत : प्लेस्टेशन विकणारी सोनी, एक्सबॉक्स विकणारी मायक्रोसॉफ्ट आणि स्विच विकणारी निन्टेन्डो. या कंपन्या आपल्या स्टुडिओंत जे खेळ बनवतात ते घरचे. कन्सोल न विकणारे, फक्त खेळ बनवणारे वा प्रकाशित करणारे जे बाहेरचे असतात, त्यांना या धंद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. कॅपकॉम, स्क्वेअर एनिक्स, कोनामी, टेक-टू ही त्यातली मोठी नावे. पुण्याचे नॉडिंग हेड्स हे छोटे नाव. घरचा खेळ घरच्याच यंत्रावर येणार, हे अलीकडेपर्यंत गृहीतच होते. चुरस असते ती बाहेरच्यांसाठी.

या चुरशीचे मूळ हिशेबात आहे. कन्सोलचा डबा बहुधा अगदी थोड्या नफ्यावर किंवा चक्क तोट्यात विकला जातो. एपिक ही खेळ बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की एक्सबॉक्सचे यंत्र कंपनीने कधीच नफ्यात विकलेले नाही. कमाई होते ती पुढे. त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या खेळातून कंपनी आपला वाटा घेते, आणि डिजिटल विक्रीत हा वाटा साधारण ३० टक्के असतो. म्हणजे गिऱ्हाईक एकदा एका डब्याकडे वळले, की पुढची कित्येक वर्षे तो डबा कंपनीला पैसे मिळवून देतो. मग ज्या एका खेळासाठी लोक डबा विकत घेतील, तो खेळ आपल्याकडे ठेवण्यासाठी आणि शेजाऱ्याकडे जाऊ न देण्यासाठी कंपन्या आधीच पैसे मोजतात. रावेर-मुक्ताईनगरच्या केळीपट्ट्यातल्या वाचकाला हा व्यवहार परका वाटणार नाही : घड कापणीला येण्याआधीच बागेचा सौदा करून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला माल हवा असतोच, शिवाय तो दुसऱ्याच्या गाडीत चढू नये हेही हवे असते.

या सौद्यांचा इतिहास निन्टेन्डोपासून सुरू होतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत या कंपनीचे एनईएस हे कन्सोल इतके खपले, की बाहेरच्या निर्मात्यांना तिच्या अटी मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वर्षाला फक्त पाच खेळ काढायचे. कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायचे. आणि एनईएसवर आलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कुठल्याही कन्सोलवर द्यायचा नाही. परवानगी नसलेले कार्ट्रिज चालूच नये म्हणून यंत्रात एक कुलूपबंद चिप बसवलेली होती. पाच खेळांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी कोनामीने अमेरिकेत ‘अल्ट्रा गेम्स’ या वेगळ्या नावाने खेळ काढले. अमेरिकी सरकारी यंत्रणांची नजर वळल्यानंतर १९९०च्या सुमारास निन्टेन्डोने दोन वर्षांची ती अट मागे घेतली. त्या काळी करारासाठी पैसे देण्याची गरजच पडत नव्हती; बाजारावरची पकड पुरेशी होती.

खानदेशातल्या घरांत ही गोष्ट वेगळ्या वाटेने शिरली. निन्टेन्डोच्या जपानी यंत्रात ती कुलूपबंद चिप नव्हती, त्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे गेले. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही ‘टीव्ही गेम’ म्हणून गावोगावच्या दुकानांत मिळालेली यंत्रे बहुतांशी अशा नकलाच होत्या. एकाच कार्ट्रिजमध्ये शेकडो गेम्स असल्याचा दावा असे, आणि त्यात मारिओच्या शेजारी ‘कॉन्ट्रा’ हमखास सापडे. मारिओ निन्टेन्डोचा, कॉन्ट्रा कोनामीचा. दोन भावंडे दोन रिमोट घेऊन जो खेळ सुट्टीभर खेळली, तो थर्ड पार्टी खेळ होता. कुणाचा खेळ कुणाच्या यंत्रावर चालायचा याचे करार जपान-अमेरिकेत होत होते. त्याची झळ इथल्या मुलांपर्यंत पोहोचली नाही, कारण अधिकृत बाजारच इथवर आलेला नव्हता.

पुढे सोनी मैदानात उतरली आणि डाव पालटला. ‘फायनल फॅन्टसी’ या मालिकेचे पहिले सहा मुख्य भाग निन्टेन्डोच्या यंत्रांवर आले होते. सातवा भाग जानेवारी १९९७ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला तो सोनीच्या प्लेस्टेशनवर. कारण तांत्रिक होते. निन्टेन्डोने ‘निन्टेन्डो ६४’ या नव्या यंत्रासाठीही कार्ट्रिजच ठेवले, आणि त्यावर जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मजकूर मावत असे. सीडीवर त्याच्या दहापट जागा होती. हा खेळ तीन सीडींवर आला. कार्ट्रिज महाग, सीडी स्वस्त, हाही हिशेब होताच. लवकरच ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही दुसरी लोकप्रिय जपानी मालिकाही प्लेस्टेशनकडे गेली. पहिल्या प्लेस्टेशनची जगभरातली विक्री १० कोटींच्या पुढे गेली. निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबली. बाहेरचे निर्माते कुणाकडे झुकतात यावर यंत्राचे भवितव्य ठरते, हा धडा तिथून सगळ्यांनी घेतला.

त्यानंतर थैल्या उघडल्या. १९९७ मध्येच सोनीने ‘टूम्ब रेडर’साठी करार केला, आणि दुसरा भाग सेगाच्या सॅटर्न यंत्रावर आलाच नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ ऑक्टोबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि एक्सबॉक्सपर्यंत पोहोचायला त्याला २००३ची अखेर लागली. सोनीच्या युरोप विभागाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस डीअरिंग यांनी पुढे सांगितले, की प्रकाशकाला रॉयल्टीत सूट देऊन हा करार झाला होता. त्याच मालिकेच्या चौथ्या भागाच्या वेळी मायक्रोसॉफ्टने दुसरी युक्ती केली. मुख्य खेळ २००८ मध्ये दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला, पण नंतर येणाऱ्या दोन जोडकथा आधी एक्सबॉक्सवर याव्यात म्हणून तिने प्रकाशक टेक-टूला ५ कोटी डॉलर दिले. आता एक अख्खा खेळ अडवण्याऐवजी त्याचा एक तुकडा अडवला तरी भागत होते.

प्रत्येक शब्द पाळला गेला असेही नाही. २००२ च्या अखेरीस कॅपकॉमने गेमक्यूब या निन्टेन्डोच्या यंत्रासाठी पाच खेळ जाहीर केले. त्यातला एक रद्द झाला, आणि उरलेल्या चारांपैकी गेमक्यूबपुरता राहिला तो एकच. सर्वांत गाजलेला ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वरही गेला. गेमक्यूबचा खप कमी होता. निर्मात्याला विक्रीचा आकडा वाढवायचा होता.

आज हे करार अनेक प्रकारचे असतात, आणि त्यांत फरक करता आला पाहिजे. एक, कायमचा : खेळ त्या एका यंत्रावरच राहणार. दोन, मुदतीचा : काही आठवडे, सहा महिने वा वर्षभर एका यंत्रावर, मग सगळीकडे. ‘राजी’ याच गटातली. ‘राइज ऑफ द टूम्ब रेडर’ नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला, तोही याच गटातला. तीन, तुकड्याचा : जोडकथा, नकाशे, पोशाख आधी एकाला. चार, जाहिरातीचा : खेळ सगळीकडे, पण जाहिरातीत एकाच कन्सोलचे नाव. पाच, वर्गणीचा : महिन्याला पैसे भरणाऱ्यांना खेळ पहिल्या दिवसापासून. याच्या उलट अडवणुकीचाही करार असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे मायक्रोसॉफ्टने आरोप केला, की आपल्या गेम पास या वर्गणी योजनेत खेळ जाऊ नयेत म्हणून सोनी निर्मात्यांना पैसे देते.

करार महाग पडू लागले की अख्खा निर्माताच विकत घेण्याचा मार्ग उरतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२१ मध्ये बेथेस्डा या प्रकाशकाची मूळ कंपनी झेनीमॅक्स ७.५ अब्ज डॉलरला घेतली. सोनीने आधीच केलेल्या मुदतीच्या करारांमुळे बेथेस्डाचे ‘डेथलूप’ आणि ‘घोस्टवायर : टोकियो’ हे खेळ मालकी बदलल्यानंतरही कन्सोलवर आधी प्लेस्टेशन ५ वरच आले. मालक मायक्रोसॉफ्ट आणि पहिला मान सोनीला, असा तो काळ. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी साक्ष दिली, की ‘स्टारफिल्ड’ हा बेथेस्डाचा मोठा खेळही एक्सबॉक्सला वगळून जाण्याची शक्यता कानावर आल्यावर ती खरेदी महत्त्वाची वाटू लागली. ही सुनावणी होती मायक्रोसॉफ्टच्या ६८.७ अब्ज डॉलरच्या ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड खरेदीबद्दल. तिचा मुख्य प्रश्न ॲक्टिव्हिजनचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा एक खेळ प्लेस्टेशनवर राहणार की नाही, हाच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, पण त्याआधी तो खेळ दहा वर्षे इतरांनाही देण्याची हमी मायक्रोसॉफ्टला द्यावी लागली.

आकड्यांच्या या डोंगरापुढे पुण्याचा छोटा स्टुडिओ कुठे उभा होता, ते पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. नॉडिंग हेड्सच्या संस्थापकांत श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंह ही तीन नावे. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, पण ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथल्या नियमाप्रमाणे हाती काहीच आले नाही. काम थांबू नये म्हणून अविचल सिंह यांनी आपला फ्लॅट विकला. भारतीय पुराणकथेवरचा कन्सोल खेळ, तोही इथेच घडवलेला, यावर पैसे लावायला पुढे येणारे थोडे होते. अशा स्टुडिओला निन्टेन्डोच्या कार्यक्रमात काही मिनिटांची जागा मिळणे म्हणजे जगभरच्या पत्रकारांसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर एकाच वेळी उभे राहणे. दर आठवड्याला ऑनलाइन दुकानांत शेकडो नवे खेळ येतात. त्या गर्दीत दिसणे हीच मोठी मिळकत. वर्षअखेरीस ‘द गेम ॲवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या गटात ‘राजी’ला नामांकन मिळाले. मुदत संपल्यावर ती इतर यंत्रांवर गेली, पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले, आणि २०२३ मध्ये मोबाइलवर ती नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी आली. एका मुदतीच्या करारानंतर दुसरा बंदिस्त दरवाजा आला खरा, पण खेळ प्रत्येक वेळी नव्या माणसांपर्यंत पोहोचला.

म्हणून या करारांना सरसकट वाईट म्हणता येत नाही. ‘बायोनेटा २’ला मूळ प्रकाशकाकडून पुढे पैसा मिळाला नाही, तेव्हा निन्टेन्डोने खर्च उचलला आणि २०१४ मध्ये तो तिच्याच वी यू यंत्रावर आला. तो करार नसता तर तो खेळच नसता. पीसीच्या बाजारात एपिकच्या दुकानाने ‘कंट्रोल’ या खेळाच्या मुदतीच्या हक्कासाठी ९४ लाख ९० हजार युरो दिल्याचे प्रकाशकाच्या हिशेबात नोंदले गेले. खेळ बाजारात येण्याआधी एवढी रक्कम हाती असेल, तर पुढच्या खेळाचे पगार निघतात. ‘बॉर्डरलँड्स ३’साठी एपिकने दिलेल्या १४ कोटी ६० लाख डॉलरपैकी ८ कोटी हे किमान विक्रीच्या हमीचे होते : विक्री तेवढी झाली नाही तर तोटा दुकानाचा. निर्मात्याची जोखीम दुसऱ्याने उचलण्याला किंमत असते, आणि ती किंमत म्हणजे काही काळाची एकाधिकारी विक्री.

भार पडतो तो खेळणाऱ्यावर. एक्सबॉक्स सिरीज एक्स भारतात १० नोव्हेंबर २०२० रोजी ४९,९९० रुपयांना आले. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत त्याच आठवड्यात मिळू लागले, भारतात मात्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी, किंमत तेवढीच ४९,९९०. दोन्हींवरचे खास खेळ खेळायचे तर तेव्हा जवळजवळ एक लाख रुपये नुसत्या डब्यांसाठी लागत. मुक्ताईनगर, बोदवड किंवा शिरपूरमधल्या मध्यमवर्गीय घरात एक कन्सोल घेतानाच विचार होतो. दुसरे घेण्याचा प्रश्नच येत नाही. साहजिकच बहुसंख्य मुले मोबाइलवर खेळतात. मोबाइलवरही तोच प्रश्न वर्गणीच्या रूपाने येतो, हे ‘राजी’च्या उदाहरणाने दाखवलेच आहे.

भारतीय निर्मात्यांना आपल्या बाजूला घेण्याचे प्रयत्नही जुने आहेत. सोनीने प्लेस्टेशन २ च्या उत्तरकाळात इथल्या स्टुडिओंकडून इथल्या गिऱ्हाइकासाठी खेळ करवून घेतले : २००९ चा ‘हनुमान : बॉय वॉरियर’, कबड्डी-पतंगांचा ‘देसी अड्डा’, आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावरचा खेळही ट्राइननेच प्लेस्टेशनसाठी बनवला. हे सगळे फक्त सोनीच्या यंत्रांवर चालणारे. तेव्हा इथल्या निर्मात्याची भूमिका बहुतांशी ठेकेदाराची होती. २०२३ मध्ये सोनीने ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला, त्यात सूर वेगळा आहे : निवडलेल्या स्टुडिओला आर्थिक मदत, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर येण्याची संधी. पहिल्या पाच खेळांत मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. एका वस्तुसंग्रहालयात घडणारी, मानवी तस्करीवरची ही कथा.

दरम्यान बाजार पुन्हा कूस बदलतो आहे. ॲक्टिव्हिजन खरेदीवरच्या २०२३ च्या खटल्यात चुकून उघड झालेल्या कागदपत्रांनुसार सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस : भाग २’ला २२ कोटी डॉलर खर्च आला. एवढा खर्च एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांवर भरून काढणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलेच चार खेळ दुसऱ्यांच्या यंत्रांवर देण्याचे ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ प्लेस्टेशनवर आला. सोनीशी वर्षानुवर्षे करार करणाऱ्या स्क्वेअर एनिक्सने मे २०२४ मध्ये सर्व यंत्रांवर खेळ देण्याचे धोरण जाहीर केले, आणि २०२३ मध्ये फक्त प्लेस्टेशन ५ वर आलेला ‘फायनल फॅन्टसी १६’ जून २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर पोहोचला. कायमचे करार मागे पडत आहेत. मुदतीचे आणि वर्गणीचे करार मात्र टिकून आहेत.

महाराष्ट्रासाठी ही वेळ म्हणूनच मोलाची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. पुण्यात यूबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून. हात तयार झालेले आहेत. आता गरज आहे ती करार वाचण्याची. मुदत किती, कोणत्या देशांत, कोणकोणत्या यंत्रांवर, वर्गणी योजनेचा त्यात समावेश आहे का, आगाऊ रक्कम पुढच्या विक्रीतून वळती होणार का, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पात्रांचे व पुढच्या भागांचे हक्क कुणाकडे राहणार, हे प्रश्न सहीआधी विचारायचे असतात. मुदत विकणे आणि कथा विकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढील प्रकरणे वाचताना जळगाव, धुळे, भुसावळच्या महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी हे प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. त्यांच्या पालकांनीही खेळ बनवणे हा अभ्यास सोडून केलेला उद्योग न मानता एक व्यवसाय म्हणून त्याकडे पाहावे. आणि इथल्या निर्मात्यांना विनंती एवढीच, की पहिला मान कुणाच्याही यंत्राला द्या, पण करारात भारतातल्या खेळाडूसाठीची तारीख स्पष्ट लिहून घ्या.

— मुक्ताईनगर, जि. जळगाव